वहीत नसलेली कुरुदहिन

॥ श्री ॥

ब्राह्मणपारा, रायपूर
दि. २७ जुलै २००१

ती. सौ. ताईस,

विनोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पेपरात रायपूरचं नाव वाचून घाबरू नकोस. आपल्या पाऱ्यात, म्हणजे आपल्या आळीत, पाणी नाही. मागची मोरी तुंबली आणि पापडांचा डबा दमट झाला, एवढंच माझं नुकसान.

पण महानदीने मागच्या रविवारी कहर केला. अभनपूरच्या पलीकडे नदीकाठी कोसमडीह नावाचं गाव आहे, ते जवळजवळ सगळं गेलं. मातीच्या भिंती भिजून बसल्या आणि वरचे कौलांचे खपरे चिखलात रुतले. बायका-मुलांना नावेतून आणि ट्रॅक्टरमधून काढून अलीकडच्या एका शाळेत आणून ठेवलं आहे. नवं राज्य होऊन अजून वर्षही झालं नाही. लाल दिव्याच्या गाड्या रोज नवीन दिसतात, पण कोणतं काम कोणत्या साहेबाकडे हे त्या साहेबालाही नीट ठाऊक नसतं. म्हणून आपल्या गल्लीतल्या आम्ही सहा जणी सोमवारपासून सकाळच्या बसने तिथे जातो आणि संध्याकाळी परततो. समोरच्या घरातली शर्मिष्ठा आठवते ना, माझी विद्यार्थिनी? आता कॉलेजात शिकवते. तीही रजा टाकून येते. स्वभावाने गुणी आहे, पण फार मऊ. कोणी डोळ्यांत पाणी आणलं की हातातलं पांघरूण देऊन टाकते.

मी मात्र शिस्त लावली आहे. पहिल्या दिवशी कोण आलं, कोण राहिलं, काही पत्ता नव्हता. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि दारात टेबल टाकून बसले. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा हजेरी घेते आहे असं समज. बायकांच्या खोल्यांकडे पुरुषांनी जायचं नाही हा नियमही मीच केला, कारण पहिल्या दिवशी कोणीही उठून आत शिरत होतं. पटवारी म्हणाला, की बहनजी, तुमच्या वहीसारखी वही आमच्या कचेरीतसुद्धा नाही. मी वरून काही दाखवलं नाही, पण बरं वाटलं.

इथल्या बायकांची एक गंमत तुला ठाऊकच आहे. नाव विचारलं की माहेरचं गाव सांगतात. राजिमची ती राजिमहिन, धमतरीची ती धमतरहिन. लग्न होऊन आली की सगळं गाव तिला तेवढ्याच नावाने हाक मारतं. मी ऐकत नाही. बाई, तुझं स्वतःचं नाव सांग, म्हणते. एकेक जण लाजत, हसत, आठवून आठवून सांगते.

काल तर कमाल झाली. एक म्हातारबा आला. पाठीला सुतळीने छत्री बांधलेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाला, की कुरुदहिन इथे आहे का. मी विचारलं, की नाव काय तिचं. तर म्हणे, “माया के दाई,” म्हणजे मायाची आई. मी म्हटलं, ते नव्हे, खरं नाव. तो आपला गमछा पिळतो आणि खाली बघतो. मग मी म्हटलं, की बाबा, अर्धा जन्म एका घरात काढला आणि बायकोचं नाव ठाऊक नाही? रांगेतले सगळे खो खो हसले. तोसुद्धा हसला बिचारा. वहीत कुरुदहिन नव्हतीच, तसं सांगितलं. हात जोडून गेला.

भावजींचा गुडघा कसा आहे? चि. अभिनव, सूनबाई व मुलांना आशीर्वाद. जुनी लुगडी-चादरी असतील तर पाठव.

कळावे. तुझा लोभ आहेच, तो या ओल्या हवेत सर्दावू देऊ नकोस.

तुझी
विनू

—

॥ श्री ॥

वर्धा
दि. ३ ऑगस्ट २००१

चि. विनूस,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तू शुद्ध लिहिणारी मास्तरीण आणि मी बोलते तशी लिहिणारी, तेव्हा लाल शाई काढून बसू नको.

तुझं पत्र मी जेवणं चालू असताना सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या छत्रीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून सूनबाईला ठसका लागला. तुझे भावजी मात्र वरणभात कालवत राहिले. मग मीच विचारलं, की सांगा बरं, माझं नाव काय. ते म्हणाले, की अभिनवची आई, जरा तूप वाढ. बेचाळीस वर्षं झाली विनू, या माणसाने मले गोदावरी म्हणून एकदाही हाक मारली नाही. तेव्हा तू त्या गरिबाला फार बोलू नको. त्याला त्याची बायको भेटली का, तेवढं कळव. सूनबाई रोज विचारून राहिली आहे.

अभिनवच्या ओळखीचा एक जण मंगळवारी रायपूरला येतो. त्याच्यासोबत दोन गाठोडी पाठवते. त्यात लुगडी, चार चादरी आणि तुझ्यासाठी मेतकुटाची बरणी आहे. बरणी वाटून टाकशील तर बघ. तू पाण्यात फार उभी राहू नको. आपल्या घरात संधिवात कोणाले सोडत नाही. त्या शाळेतलं पाणी उकळून पी.

तू तिथे जाते याचा मले अभिमान वाटतो. शेजारच्या कुळकर्णीणबाईंना मुद्दाम सांगून आले. हे मी तोंडाने तुले कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

शर्मिष्ठेस आशीर्वाद. आठवण ठेव, आणि पत्र लवकर टाक.

तुझी
ताई

—

॥ श्री ॥

रायपूर
दि. १२ ऑगस्ट २००१

ती. सौ. ताईस,

विनोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

गाठोडी पोचली. चादरी लगेच उपयोगी पडल्या. मेतकूट मी ठेवून घेतलं आहे.

पत्राला उशीर झाला. शाळेतली गर्दी आता कमी झाली. कोसमडीहचे लोक गावाशेजारच्या उंच माळावर ताडपत्र्या बांधून राहू लागले आहेत आणि आम्हीही तिकडेच जातो. वही मी शर्मिष्ठेकडे दिली. मी चुलीजवळ असते, भात उतरवते, भांडी विसळते.

तिथे कलावती नावाची एक बाई आहे, पंचावन्न-साठीची. नावेतून आणली तेव्हा तापाने फणफणली होती, आठ दिवस पाचवीच्या वर्गात निजून होती. आता ताप गेला पण अंगात जीव नाही. मी तिला पेज भरवते. तिचा नवरा तुळशीराम पुरात गेला. म्हणजे पुराच्या दिवशी नाही, नंतर. कुरुदकडे जाणाऱ्या वाटेवर एका नाल्याचा रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल आहे, त्यावरून पाणी वाहत होतं. ते ओलांडताना गेला. दोन दिवसांनी खाली बाभळीत अडकलेला सापडला.

कलावती रडत नाही. रागावलेली आहे. पाणी चढलं तेव्हा नवऱ्याने तिला नावेत बसवलं आणि स्वतः बैलजोडी घेऊन उंचावरच्या दुसऱ्या गावाला गेला. ती म्हणते, की त्याला माझ्यापेक्षा बैल प्यारे. चार दिवस होते त्याच्या हातात, मला शोधायला एकदा आला नाही. सगळ्यांचे नवरे आले, सगळ्यांचे भाऊ आले, माझा नाही आला. त्याच्या दशगात्रालासुद्धा, म्हणजे दहाव्याला, ती चार बायकांत हेच बोलली. तिची मुलगी माया सासरहून आली आहे, ती आईला गप्प करते, पण ती गप्प होत नाही.

तू त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलंस. त्याविषयी पुढे कधीतरी लिहीन.

भावजींना सा. न. लोभ असू दे.

विनू

—

॥ श्री ॥

वर्धा
दि. १७ ऑगस्ट २००१

चि. विनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पोटात काही ठेवून तू लिहिलेलं मले लहानपणापासून ओळखता येतं. सातवीत गणितात नापास झाली होती तेव्हाही तू असंच भांड्यांबद्दल बोलत होती.

वही काहून सोडली? आणि त्या बाईचं माहेर कोणतं, हे तू लिहिलं नाही. पण तिची मुलगी माया आहे आणि नवरा कुरुदच्या वाटेवर गेला, एवढं लिहिलं. मी म्हातारी झाले, मूर्ख नाही झाले.

जे असेल ते मले लिही. पत्र मी कोणाले वाचून दाखवणार नाही.

तुझी
ताई

—

॥ श्री ॥

रायपूर
दि. २५ ऑगस्ट २००१

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

होय. तोच तो.

शव सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले दोघे जण शाळेत सांगायला आले. मी दारातच होते. एकाच्या हातात त्याच्या वस्तू होत्या. गमछा होता, आणि सुतळी गुंडाळलेली छत्री. मी ती लगेच ओळखली. ते म्हणाले, की याची बायको कुरुदहिन इथेच आहे ना. शर्मिष्ठा आतून आली आणि म्हणाली, की पाचवीच्या वर्गात आहे. तिला एव्हाना ठाऊक झालं होतं, ताई. मधल्या दोन-तीन दिवसांत ती बायकांच्यात बसत होती, त्यांच्या हाका ऐकत होती. ठाऊक नव्हतं ते फक्त वही लिहिणारीला.

वही उघडून पाहिली. माझ्याच अक्षरात सोमवारच्या पानावर आहे: कलावती, कोसमडीह, खोली पाच. त्या दिवशी तिच्या सोबतची बाई मला कुरुदहिन म्हणूनच सांगत होती. मी खोडून काढलं आणि खरं नाव मागितलं. नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात रेघ आहे, कारण तापातसुद्धा ती त्याचं नाव तोंडाने घेईना. मी रेघ मारली आणि पुढचीला बोलावलं. आणि तो आला तेव्हा त्याला त्याचं स्वतःचं नावही विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. माझा सगळा जन्म याच शहरात गेला. आपल्याकडे भांडी घासायला येते ती दुरुगहिन, तुझ्या नातवाच्या मुंजीच्या धांदलीत तिने वर्ध्याला येऊन तुझं घर सांभाळलं होतं. अठरा वर्षं मी तिला त्याच नावाने हाक मारते. परवा तिला विचारलं. विमला नाव आहे तिचं.

अजून एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. लोक हसत होते तेव्हा शर्मिष्ठा माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, की मॅडम, मी यांना एकदा आतून फिरवून आणते, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, की आज याला सोडलं तर उद्या सगळे शिरतील. तो दाराशी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने विचारलं, की कुरुदला बस जाते का. मी म्हटलं, बंद आहे. आता कळतं, बायको इथे नाही म्हणजे माहेरी गेली असेल असं त्याने धरलं. पाचवीचा वर्ग माझ्या टेबलापासून तीस पावलांवर आहे. मी चालून मोजली.

कोसमडीहचे पुरुष त्या वेळी गावात गाळ उपसत होते. रांगेत दुसऱ्या गावांचे लोक होते. त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. म्हणून तो आला होता हे मला आणि शर्मिष्ठेला सोडून कोणालाच माहीत नाही. शर्मिष्ठा एक अक्षर बोललेली नाही. माझी विद्यार्थिनी ना. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तीजेला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माया आईजवळ ताडपत्रीखाली होती. माहेरी आलेल्या मुलीला नवं लुगडं द्यायचं, म्हणून कलावतीने तू पाठवलेल्यातलं हिरवं लुगडं माझ्याकडून मागून घेतलं. मग माझा हात धरून म्हणाली, की बहनजी, तुम्ही मला मरू दिलं नाही, माझं तुमच्याशिवाय कोण आहे. मी काय करू, ताई? मी तिच्याजवळ बसते ते दयेने नाही. तिला वाटतं दयेने.

विनू

—

॥ श्री ॥

वर्धा
दि. ३ सप्टेंबर २००१

चि. विनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मले नीट जेवण गेलं नाही. पण आता शांतपणे लिहून राहिली आहे आणि तूही शांतपणे वाच.

कोणाला काही सांगू नको. तू त्याला रपट्यावर ढकललं नाही. पाण्यात पाय टाकला तो त्याने. तू फुकट जाऊन, उपाशी राहून, शेकडो माणसांची नावं लिहीत होती, त्यात एक चुकलं. ज्या घरात बसून राहिल्या त्यांच्या हातून काहीच चुकलं नाही, म्हणून त्या तुझ्यापेक्षा चांगल्या झाल्या काय? आता त्या बाईला सांगून काय होईल? तिचा नवरा येणार नाही. तिला तुझा एक आधार आहे, तो जाईल. सांगून तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. हे काही धर्माचं काम नाही.

न सांगणं हीसुद्धा माया असते, विनू. मी तुले आजवर बोलले नाही, पण आता दाखला म्हणून सांगते. आई इथे माझ्याकडे गेली तेव्हा तू रायपुरात पेपर तपासायला अडकली होती आणि दोन दिवस उशिरा पोचली. मी तुले सांगितलं होतं, की मंगळवारपासून तिची शुद्ध हरपली होती, तू आली असती तरी तिला कळलं नसतं. तसं नव्हतं. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दारात रिक्षा थांबली की विचारायची, की विनू आली का. मी म्हणायची, की येऊन राहिली, गाडीत बसली. तुझ्या जिवाला लागू नये म्हणून मी हे सव्वीस वर्षं पोटात ठेवलं. तू सुखाने नोकरी केली, सुखाने झोपली. बघ, न सांगितल्याने काही बिघडलं का?

तसंच तूही कर. पुढच्या महिन्यात इकडे ये, चार दिवस राहा.

तुझी
ताई

—

रायपूर
दि. १२ सप्टेंबर २००१

ताईस,

न. वि. वि.

पत्र मिळालं.

सव्वीस वर्षं मी असं समजून राहिले, की आईने शेवटी माझी आठवण काढली नाही. शुद्ध नव्हती म्हणून नाही काढली, अशी मी माझी समजूत घालत होते. दरवर्षी तिच्या तिथीला पान वाढताना मनात हेच यायचं.

तिने विचारलं होतं. आणि ते तू मला दाखला म्हणून लिहिलंस.

सध्या पत्र लिहिणं जमणार नाही. भावजींना नमस्कार.

विनोदिनी

—

॥ श्री ॥

वर्धा
दि. २० ऑक्टोबर २००१

चि. विनूस,

आशीर्वाद.

दसऱ्याला तुझं पत्र येईल वाटलं होतं. नाही आलं. दोनदा तुझ्या समोरच्या घरी फोन लावला, शर्मिष्ठेने उचलला आणि सांगितलं, की मॅडम कोसमडीहला गेल्या आहेत, भिंती उभारायला. या वयात माती तुडवून राहिली आहेस म्हणे.

मी भांडायला लिहीत नाही. तुझ्या भावजींना मी सगळं सांगितलं. तुले दिलेला शब्द मोडला, त्याची माफी कर. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, की गोदावरी, ते तू तुझ्यासाठी लपवलंस, विनूसाठी नाही. त्यांनी माझं नाव घेतलं, विनू, आणि मले रडू आलं.

खरं आहे ते. आई विचारायची तेव्हा मी तुले दुसरी तार करायला पाहिजे होती. पहिल्या तारेत मी फक्त तब्येत बरी नाही एवढंच लिहिलं होतं. मले वाटलं, आई काढेल आठ-पंधरा दिवस. दुसरी तार काहून केली नाही असं तू कधी विचारू नये, म्हणून मी खोटं बोलून आईची शुद्धच काढून घेतली.

यावर तू उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. थंडी पडायला लागली, तिथे माळावर जाताना कान बांधत जा.

तुझी
ताई

—

॥ श्री ॥

ब्राह्मणपारा, रायपूर
दि. २ डिसेंबर २००१

ती. सौ. ताईस,

विनोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

काल मी कलावतीला सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. चार महिने मी दर वेळी बसमध्ये वाक्यं जुळवायची आणि तिथे पोचल्यावर घमेलं उचलायची. भिंती झाल्या, खपरे चढले, आणि काल सारवणाचं शेवटचं काम निघालं. म्हटलं, आता तिचं घर झालं, आता उद्यापासून मला तिथे जायला कारण उरणार नाही. मग मी कधीच सांगणार नाही.

ती ओसरीची भिंत सारवत होती. माया शेण कालवत होती. मी उभ्यानेच सांगितलं, की तुळशीराम शाळेत आला होता. गुरुवारी, दुपारच्या सुमारास. तुला शोधायला आला होता. मी वही पाहून नाही म्हटलं आणि परत पाठवलं.

तिचा हात भिंतीवर तसाच राहिला. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं ती किंचाळेल, अंगावर येईल. तिने विचारलं, की काय घातलं होतं. मी सांगितलं. पाठीला छत्री होती का, म्हणाली. होती, म्हटलं. मग विचारलं, की तो काय बोलला, जसं बोलला तसं सांगा. मी सांगितलं, की आधी कुरुदहिन म्हणाला, मी नाव विचारलं तेव्हा माया के दाई म्हणाला. माया तिथेच खाली बसली. कलावतीने ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तीनदा. लोक हसले तेही मी सांगितलं, मी काय बोलले होते तेही. तो हसला होता, हे ऐकून तिने मान हलवली, जशी ओळखीची गोष्ट ऐकून हलवतात. शेवटी तिने विचारलं, की त्याला पाणी दिलं होतं का. मी म्हटलं, नाही.

ती उठली. हात धुतले, पदर सारखा केला, आणि माझं मनगट धरलं. मला घराबाहेर घेऊन निघाली. मला वाटलं गावाबाहेर काढते आहे. तसं नव्हतं. ती शेजारच्या दारात थांबली आणि आतल्या बाईला हाक मारली. ती बाहेर आल्यावर मला म्हणाली, “बता, बहनजी.” मी मागे सरले. तिने मनगट सोडलं नाही. मग मी म्हटलं, की तुळशीराम इसको खोजने आए थे, मैंने लौटा दिया. कलावती त्या बाईला म्हणाली, “सुन ले. मोला खोजे बर आय रिहिस,” म्हणजे मला शोधायला आला होता. आणि मला पुढच्या दारात नेलं.

ताई, असं तिने मला साऱ्या पाऱ्यातून फिरवलं. जिच्या जिच्यासमोर ती बोलली होती, की माझा नवरा मला शोधायला आला नाही, तिच्या तिच्या दारात. कुठे बायका भात पाखडत होत्या, कुठे म्हातारे उन्हात बसले होते. प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी ती तेच म्हणाली, मोला खोजे बर आय रिहिस. माझ्या अपराधाचं तिला काही पडलं नव्हतं. कोणी माझ्याकडे रागाने पाहू लागलं की ती त्यांना थांबवायची आणि पुन्हा तेच ऐकवायची. दशगात्राला मी त्याला शिव्या दिल्या, असं एका दारात म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा रडली. मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला, पण मनगट सोडलं नाही.

शेवटचं दार झाल्यावर सोडलं.  घराकडे चालू लागली, आणि मी सडकेवर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले. थोड्या वेळाने माया आली. तिच्या हातात पाण्याचा लोटा होता. म्हणाली, की दाईने सांगितलं आहे, पाणी पिऊन जा, आणि यानंतर येऊ नका. मी ते पाणी प्यायले. माया लोटा घेऊन गेली.

तू म्हणाली होतीस, की सांगितल्याने माझं मन हलकं होईल आणि तिचं जड. माझं काही हलकं झालेलं नाही. ते आता असंच राहील, मी ते धरून चालले आहे. तिचं काय झालं ते मला विचारायचा अधिकार नाही.

सप्टेंबरात मी तुला लिहिलं ते रागाने लिहिलं. राग अजून सगळा गेला नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण काल कलावती भिंतीकडे तोंड करून विचारत होती, तेव्हा मला कळलं, की मला काय हवं आहे. मी दहा तारखेला, सोमवारी सकाळच्या गाडीने वर्ध्याला येते आहे. अभिनवला स्टेशनवर पाठवू नकोस, मी रिक्षा करून येईन. जेवणाचं नंतर बघू. आधी तू माझ्यासमोर बस. दारात रिक्षा थांबली की आई काय विचारायची, ते मला सगळं सांग. जसं म्हणायची तसं, तिच्या शब्दांत. मी पुन्हा पुन्हा विचारीन, तू कंटाळू नकोस.

भावजींना सा. न. कळावे. तुझ्या लोभावरच येते आहे.

तुझी
विनू